चौदा गव्हाळ मुलं

शुभाकाकूंनी हिरव्या पेनानं 'काळी' या शब्दावर एक रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'सावळी' असं लिहिलं. लाल पेन शाळेच्या कमिटीनं दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. लाल शाईनं मुलांचं मन दुखावतं, असं कोणाच्या तरी वाचनात आलं होतं. हिरव्या रेघेनं दुखावत नसावं.

समोर उभ्या असलेल्या रुहीनं मान वाकडी करून वहीत बघितलं.

"काकू, व्हाय?"

"मराठीत बोल."

"का?" रुहीनं मराठीत विचारलं.

"अगं, माणसाला काळं म्हणू नये. बरं नाही दिसत."

"पण ते छान आहे," रुही म्हणाली. "दॅट्स द गुड पार्ट."

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळाची शाळा दर रविवारी एका चर्चच्या तळघरात भरत असे. चौथ्या इयत्तेत चौदा मुलं होती आणि त्यांची तोंडी परीक्षा वार्षिक संमेलनात, स्टेजवर, सगळ्या आईबापांसमोर व्हायची. विषय 'माझी ओळख', वाक्यं बारा, प्रत्येकी दोन गुण. छापील कागदावर वाक्यं तयारच होती, फक्त गाळलेल्या जागा भरायच्या. सातवं वाक्य होतं, 'माझा रंग ........ आहे.' रुहीनं ते सबंध खोडून खाली आपलं वाक्य लिहिलं होतं: 'मी काळी आहे, बाबांसारखी आणि आजीसारखी, आणि मला ते फार आवडतं.'

"आणि हा क एवढा मोठा का काढलास?"

"कॅपिटल आहे. इंग्लिशमध्ये लोकांबद्दल लिहिताना ब्लॅकचा बी कॅपिटल असतो. बाबा म्हणतात, मस्ट."

"मराठीत कॅपिटल नसतं."

"आय नो. म्हणून तर मोठा काढला."

शुभाकाकूंनी समासात 'अक्षर एकसारखे काढावे' असं लिहिलं.

त्या मनानं वाईट नव्हत्या. चौतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काढली होती. माणसाचा एक कण काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आतून सगळी माणसं सारखीच, गुलाबी-जांभळी, आणि तोही रंग आपणच घातलेला. त्यामुळे रंगबिंग आपण मानत नाही, असं त्या जिथे तिथे सांगत आणि ते त्यांना मनापासून खरं वाटे. उरलेल्या मंडळाचंही तसंच होतं. रुहीची आई इशिता मराठी, तिचा जन्म इथलाच. बाबा टेरेन्स ट्रेंटनच्या एका शाळेत बँड शिकवायचा आणि तो ब्लॅक होता. पण त्याचं वर्णन करायची वेळ आली की मंडळातली माणसं त्याला 'तो उंच' असं म्हणत. टेरेन्स पाच फूट सात इंच होता.

"सावळी म्हण," शुभाकाकू म्हणाल्या. "किती गोड शब्द आहे बघ."

"सावळी म्हणजे थोडी काळी ना?"

"हो, म्हणजे… तसंच."

"मी थोडी नाहीये."

पहिल्या बाकावरून कुश म्हणाला, "यू आर हाफ. हाफ म्हणजे थोडीच."

"मी दोन्ही फुल आहे," रुही मागे न वळता म्हणाली. सहाव्या वाक्यात तिनं 'मी मराठी आहे' असं लिहिलं होतं. त्यावर कोणीच काही म्हटलं नव्हतं.

शुभाकाकूंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. माणसांच्या चित्राखाली लिहिलं होतं: गोरा, गव्हाळ, सावळा. 'काळा' दुसऱ्या रकान्यात होता, कावळा आणि छत्रीच्या शेजारी. रुहीनं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि वही उचलून जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी इशिताचा फोन आला.

"काकू, ते सातवं वाक्य राहू द्या ना प्लीज. टेरेन्सच्या घरी ह्या गोष्टीला फार मान आहे. त्याची आई तिला लहानपणापासून सांगत आलीये, हे अभिमानानं म्हणायचं. आणि ती एवढी लिहून आणते आणि आपण त्याच्यावर रेघ मारतो."

"अगं, मला काय त्याचं? मी तर रंग बघतच नाही. पण उद्या स्टेजवर लोक काय म्हणतील? इतकी गोड मुलगी आणि स्वतःलाच असं म्हणते. कोणीतरी चिडवलं असेल घरात, असं वाटायचं."



"काकू, मी तुमच्या पहिल्या बॅचला होते. आठवतंय? मीपण आरशात बघून 'काळी' लिहिलं होतं. तुम्ही खोडून 'सावळी' केलंत."

"बघ," शुभाकाकू खूश होऊन म्हणाल्या. "तुला अजून लक्षात आहे."

प्रकरण कमिटीकडे गेलं. मंगळवारी झूमवर मीटिंग लागली, इशितालाही बोलावलं होतं. शाळेचा प्रमुख सत्यजित एका बँकेत सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि कुठलाही प्रश्न त्याला मुळात सेटिंगचा प्रश्न वाटायचा.

"आपली शाळा कलरब्लाइंड आहे," त्यानं सुरुवात केली. "मग आपल्या परीक्षेत रंग येतोच कसा?"

"वाक्यच काढून टाका," मनोहरकाका म्हणाले. शाळा त्यांनीच सुरू केली होती, त्यामुळे बंद करण्यासारखं काहीही त्यांना लगेच सुचायचं.

"काढता येत नाही काका. कागद छापून झालेत. अकरा वाक्यांचे बावीसच मार्क होतात, सर्टिफिकेटवर चोवीस आहे."

"मग सगळ्यांना एकच रंग द्या. कोणावर अन्याय नको."

हे मनोहरकाका गमतीनं म्हणाले की गंभीरपणे, हे कोणालाच कळलं नाही. बहुधा त्यांनाही नाही. पण सत्यजितनं ते लिहून घेतलं आणि लिहून घेतलेली गोष्ट मंडळात मागे घेता येत नसे. मग कुठला रंग यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. गोरा नको, मिजास वाटते. सावळा चालेल असं तिघं म्हणाले, पण तिघांपैकी एकाचंही मूल चौथीत नव्हतं. शेवटी गव्हाळ ठरला. गव्हाळ वर्गात खरं तर दोघंतिघंच होती, पण हरकत कोणाचीच नव्हती.

"इशिता, तुझं काय?" सत्यजितनं विचारलं. "एक सांगतो हं, जो ठरलेलं वाक्य म्हणणार नाही त्याची परीक्षा मागच्या खोलीत घेऊ. शिक्षा नाही, फक्त स्टेज एकसारखं दिसावं म्हणून."

"रुहीला स्टेजवर जायचंय," इशिता म्हणाली. "तीन महिने पाठ करतेय ती. तुम्ही ठरवा काय ते."

ठराव एकमतानं मंजूर झाला.

रविवारी शुभाकाकूंनी वर्गाला सातवं वाक्य सांगितलं. चौदा माना खाली गेल्या, तेरा पेन्सिली चालल्या. फक्त रुहीची चालली नाही.

"सगळेच?" तिनं विचारलं.

"सगळेच."

"कुशपण?"

कुश इतका गोरा होता, की पार्किंगमधून आत येईस्तोवर त्याचं नाक लाल व्हायचं.

"कुशपण."

रुहीनं विचार केला.

"मग मार्क कशाचे?"

"न अडखळता म्हटल्याचे," शुभाकाकू म्हणाल्या. बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते उत्तर जरा तोकडं वाटलं. रुहीनं मात्र मान हलवली. कुठल्याही ऑफिसात खिडकीपलीकडच्या माणसानं नियम सांगितल्यावर मोठी माणसं हलवतात, तशी. मग ती खोडरबर घेऊन बराच वेळ घासत बसली.

संमेलनाला हॉल भरला होता. मुलं ओळीनं पुढे येत होती. चौथीच्या मुलांना लेंगा-झब्बे आणि परकर-पोलकी घालून उभं केलं होतं. शुभाकाकू पडद्याआड हातात यादी घेऊन प्रॉम्प्टिंगला उभ्या होत्या. अनिका आली, तिचा रंग गव्हाळ होता. कुश आला, त्याचा रंग गव्हाळ होता. अमेय आला, आन्या आली. पाचव्या गव्हाळानंतर हॉलमध्ये एक बारीक हसू फिरलं. आठव्यापासून लोकांना त्याची लय सापडली आणि सातवं वाक्य आलं की टाळ्या पडू लागल्या.

रुही अकरावी होती. ती मधोमध येऊन उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात तिनं सुरुवात केली. शुभाकाकूंची सवय अशी की मूल बोलत असताना त्याच्या ओठांकडे बघायचं. पण रुहीच्या नजरेमागे त्यांची नजर खाली गेली, तर तिसऱ्या रांगेत आणखी एका माणसाचे ओठ हलत होते.

टेरेन्सला मराठी येत नव्हतं. पण बाराही वाक्यं त्याला पाठ होती. ढोलाचे बोल पाठ करावेत तशी त्यानं ती नुसत्या कानानं पाठ केली होती आणि तो लेकीबरोबर एकेक अक्षर सोडत चालला होता, गुडघ्यावर एका बोटानं ताल धरून. पहिलं वाक्य, दुसरं, पाचवं. 'मी मराठी आहे', हे दोघं अगदी एका दमात म्हणाले.

"माझा रंग गव्हाळ आहे," रुही म्हणाली. टाळ्या पडल्या.

टेरेन्सचे ओठ थांबले नाहीत. ते आपल्या वाटेनं पुढे गेले. रुही आठव्या वाक्यावर जाऊन आपल्या आवडत्या भाजीचं नाव सांगत होती आणि टेरेन्स अजून सातव्यातच होता. 'आणि आजीसारखी', 'आणि मला ते फार आवडतं', असं सगळं त्यानं आवाज न करता, एकट्यानं, शेवटापर्यंत म्हटलं. मग त्याच्या लक्षात आलं. बोट गुडघ्यावरच राहिलं. बँडमधल्या एखाद्या मुलानं चार मात्रा गाळल्या तर मास्तर रागावत नाहीत, फक्त भुवया उचलतात. तशा त्यानं भुवया उचलल्या आणि नवव्या वाक्याला तो परत तिच्याबरोबर आला.

शुभाकाकूंनी यादीत रुहीच्या नावापुढे चोवीस लिहिले.

नंतर खालच्या हॉलमध्ये बटाटेवडे आणि पन्हं होतं. टेरेन्स रुहीचा हात धरून शुभाकाकूंना शोधत आला. तो त्यांच्याशी नेहमी इंग्रजीत आणि फार अदबीनं बोले.

"डॉक्टर, एक विचारू? सातव्या वाक्यात घरी आम्ही वेगळा शब्द म्हणायचो. तो मी चुकीचा शिकलो होतो का?"

शुभाकाकूंनी तोंड उघडलं.

"तो शब्द वस्तूंसाठी असतो, डॅड," रुही म्हणाली. "मला आधी माहीत नव्हतं. माणसांसाठी हा शब्द आहे."

"अर्थ तोच?"

"तोच. बेटर आहे."

"आणि बाकीचं? माझ्यासारखी, ग्रँडमासारखी, आवडतं, ते सगळं?"

"ते सगळं त्या एकाच शब्दात येतं."

"एवढ्याशा शब्दात?"

"मराठी तशीच आहे," रुही म्हणाली आणि तिनं शुभाकाकूंकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. एक काम उरकलंय, ते कोणी उगाच उलगडू नये, एवढंच होतं.

"गव-हाळ," टेरेन्स म्हणाला. "बरोबर?"

आयुष्यभर समोरच्याची चूक दिसल्याक्षणी दाखवणाऱ्या शुभाकाकू पन्ह्याच्या ग्लासाकडे बघत होत्या.

"ह जरा हलका," त्या म्हणाल्या. "पण छान."

टेरेन्सनं ते तीनदा घोळवलं. मग छातीवर हात ठेवून, खांदे मागे घेऊन, शब्दाशब्दावर जोर देत म्हटलं, "मी. गव्हाळ. आहे."

हातात वड्याची प्लेट घेऊन सत्यजित चालला होता, तो जागीच थांबला. त्याचे डोळे भरून आले.

"क्या बात है, यार," तो इंग्रजीवर येत म्हणाला. "टेरेन्स, वुई आर ऑल गव्हाळ हिअर. एव्हरीबडी."

टेरेन्सनं सत्यजितकडे बघितलं. मग हॉलकडे बघितलं, मनोहरकाकांकडे, चटणीच्या रांगेतल्या काकवांकडे, लाल नाकाच्या कुशकडे. मग त्यानं सत्यजितचा हात हातात घेतला.

"मला खरंच कल्पना नव्हती," तो गंभीरपणे म्हणाला.

सत्यजित गेल्यावर त्यानं खिशातून संमेलनाचा कार्यक्रम काढला आणि त्याची कोरी बाजू शुभाकाकूंपुढे धरली. तो शब्द त्यांनी मराठीत लिहून द्यावा. आईला न्यूअर्कला पाठवायचा होता, ती फ्रेम करून बैठकीत लावेल. आणि ट्रेंटनच्या शाळेतल्या मोठ्या ढोलावरही तो रंगवून घ्यायचा त्याचा विचार होता. मुलं विचारतील हे काय, मग सांगता येईल.

शुभाकाकूंनी कागद टेबलावर सपाट केला. त्यांचा हात क्षणभर वरच राहिला. मग त्यांनी लिहिलं, सुवाच्य, एकसारख्या अक्षरात, वर नीट शिरोरेघ देऊन.

टेरेन्सनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला. रुहीनं तो त्याच्या हातातून काढला, एकदा वाचला, चार घड्या घातल्या आणि पोलक्याच्या आत खोल सारला.

"तुझ्याकडून हरवेल, डॅड," ती म्हणाली. "माझ्याकडे राहू दे."