जूनचा तिसरा आठवडा

आपल्याला आयुष्यात कोणी फसवलं नाही, असं आमच्या यांचं ठाम मत होतं. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून उभी हयात गेलेली. बैलगाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, चिमूटभर कापूस बाहेर काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा किती लांब निघतो ते पाहून प्रत ठरवायची, हे यांचं काम. वरून सुका आणि आत पाणी मारलेला कापूस यांच्या हातून कधी सुटला नाही. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू अशीच ओढून पारखता येते, असा यांचा समज होता. भाजीपासून जावयापर्यंत सगळं यांनी तसंच पारखलं. जावई चांगला निघाला, हे त्याचं नशीब.

मग कापसाचे दिवस फिरले. भाव पडले, खरेदी केंद्रं एकेक करून मिटली आणि ग्रेडर लोकांना मुदतीआधीच निवृत्ती घ्यायला सांगितलं गेलं. हे घरी बसले. नेर, बाभुळगाव, मारेगाव अशी केंद्रं पालथी घातलेला माणूस यवतमाळच्या आमच्या तीन खोल्यांत मावेना. बसल्या बसल्या गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून कापूस काढून ओढत राहायचे. मी म्हणायची, "तेवढी एक गादी राह्यली घरात, आता तिलेही नापास करा."

यांना एकच गोष्ट हवी होती आणि ती मला ठाऊक होती. मुलं, नातवंडं, सगळी एका छताखाली. मुलगा चारुदत्त पुण्याला, मुलगी ऋचा ठाण्याला, दोघांनाही एकेक लेकरू. दिवाळीची निम्मी सुट्टी त्यांच्या त्यांच्या सासरी जायची आणि उरलेली प्रवासात. उन्हाळ्यात यावं, तर आमच्याकडचा उन्हाळा. त्यात त्या वर्षांत वीज कधी असेल आणि कधी नसेल याचा भरवसा नव्हता, कूलर नुसता शोभेला. एका मे महिन्यात चारूच्या मुलाला ऊन लागलं आणि दवाखान्यात सलाईन लावून ठेवावं लागलं. सूनबाई समजूतदार आहे, तोंडानं काही बोलली नाही, पण त्यानंतर मे महिन्यात कोणी आलं नाही.

शिवाय यवतमाळचं नाव काढलं की पुण्या-मुंबईची माणसं चेहरा पाडून "अरेरे" म्हणायला लागली होती. टीव्हीवर रोज आमचा जिल्हा दिसायचा आणि कशासाठी दिसायचा, ते सगळ्यांना माहीत होतं. विहीणबाईंनी एकदा फोनवर विचारलं, "तिकडे मुलांना पाठवायला काही हरकत नाही ना हो?" यांनी हसून उत्तर दिलं, फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

अशातच एका कंपनीचा फोन आला. तुमचं नाव निवडलं गेलंय, जोडीनं या, जेवण आमच्याकडून आणि वर भेटवस्तू. मी म्हटलं, "फुकटाचं कोणी देत नसते." हे म्हणाले, "पाहून तं येऊ. माल पाहाले पैसे लागत नाही." गावातल्याच एका हॉटेलात टाय बांधलेली पोरं उभी होती. त्यांनी आम्हाला खुर्चीवर बसवलं, सरबत दिलं आणि भिंतीवर चित्रं दाखवली. एकदाच पैसे भरायचे आणि पुढची पंचवीस वर्षं, दरवर्षी एक आठवडा, महाबळेश्वराजवळ एक सबंध घर आपलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आठ माणसांची झोपायची सोय. हवा अशी, की मे महिन्यातही पांघरूण घ्यावं लागतं. ते ऐकलं आणि मी यांच्याकडे पाहिलं. यांचे डोळे भरून आले होते.

आठवडा कोणता, हे मात्र त्याच दिवशी ठरवायचं होतं आणि तो कायमचा. भिंतीवर वर्षाचा तक्ता होता. मे आणि दिवाळीचे आठवडे लाल. ते आमच्या ऐपतीबाहेरचे, आणि तसेही बहुतेक गेलेले. हे उठून तक्त्याजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि बोट फिरवत फिरवत जूनवर आणलं. तिसरा आठवडा. निळा. सगळ्यांत स्वस्त आणि रिकामा.

परत येऊन माझ्या कानाशी लागले, "कुंदा, येड्यायले समजतच नाही. सुट्ट्या असतात न तवा लेकरायले! शाळा सव्वीसले उघडते. अन् हे मातीमोलानं देऊन राह्यले."

मीही मान हलवली. आमच्याकडे उन्हामुळे शाळा सव्वीस जूनलाच उघडतात. आमची दोन्ही मुलं इथंच शिकली, यांचं आणि माझंही बालपण इथलंच. जूनचा तिसरा आठवडा म्हणजे लोणचं घालायचं, वह्या-पुस्तकांना कव्हरं चढवायची आणि मुलांनी दुपारभर पत्ते कुटायचे. तिकडे पुण्या-ठाण्याकडे काही वेगळं असेल, असा विचारसुद्धा आम्हा दोघांच्या मनाला शिवला नाही. निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा देऊन हे घरी आले ते शीळ घालत. मुलांना सांगायचं नाही, संक्रांतीला एकदम सांगून चकित करायचं, असं यांनी मला बजावलं.

संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ तोंडात ठेवूनच यांनी चारूला फोन लावला. "जून मोकळा ठेव. काहून म्हणून इचारू नको. तू, सूनबाई, लेकरू, सारे." मग न राहवून सगळं सांगून टाकलं. घर, पांघरूण, आठ माणसं. मी शेजारी उभी राहून हसत होते. मग हे ऐकायला लागले. "बरं" म्हणाले. पुन्हा एकदा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

"त्यायच्या शाळा पंधरा जूनलेच उघडतात म्हणते," हे म्हणाले. मग पुन्हा फोन उचलून, "ऋचाले लावू का?"

ऋचाच्या ठाण्यातही तेच.

कंपनीला फोन केला, तर आठवडा बदलता येत नाही म्हणाले. अदलाबदल करायची तर निळ्याच्या बदल्यात निळाच मिळेल. आता जो जो निळा, तो तो शाळेतला, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको. आपण जा किंवा न जा, देखभालीचे पैसे दरवर्षी भरायचे, हेही तेव्हाच कळलं. नियम पहिल्याच दिवशी सांगितले होते, असं तो पोरगा अगदी नम्रपणे म्हणाला, आणि ते खरंच होतं. आम्ही ऐकलंच नव्हतं. आम्ही आठ माणसांची झोपायची सोय ऐकत होतो.

यांचे जुने सोबती किसनराव नेरहून आले होते. तेही ग्रेडरच. सगळं ऐकून म्हणाले, "चंद्रशेखरभाऊ, तुमी तं गाडीच्या तळातला कापूस काढून पाहात होते. इथं काहून नाही पाह्यलं?"

"माल चांगलाच आहे, किसनराव," हे म्हणाले. "हंगाम चुकला."

जूनमध्ये आम्ही दोघंच गेलो. मी नको म्हणत होते, पण यांना आशा होती. पुण्याहून तीन-चार तासांचा तर रस्ता, रविवारी एक दिवस का होईना येतील. मी डब्यात सांबारवडी भरून घेतली, चारूला आवडते म्हणून. तिकडे पोचलो तर धुकं असं, की समोरचा माणूस दिसेना. पाऊस थांबायचं नाव घेईना. सबंध जागेत आम्ही आणि कामाची माणसं, बाकी शुकशुकाट. घर मात्र चित्रातल्यासारखंच होतं. मुलांच्या खोलीत एकावर एक असे पलंग होते, चढायला शिडी होती. यांनी ती शिडी हलवून पाहिली, पक्की आहे का.

पहिले दोन दिवस हे खोल्या वाटत बसले. "इथं ऋचा अन् जावई. तिकडं चारू. लेकरं इथं वर. तू अन् मी बाहेर गादी टाकू." मी हो हो म्हणत गेले. सगळ्या पलंगांवर पांघरुणं घड्या करून ठेवलेली होती, ती यांनी पुन्हा उलगडून पुन्हा घड्या केल्या.

शनिवारी चारूचा फोन आला, उद्या येतो म्हणून. यांनी सकाळी आंघोळ करून नवा शर्ट घातला आणि छत्री घेऊन फाटकापाशी जाऊन उभे राहिले. मी दोनदा बोलवायला गेले. "येऊन राह्यले असतील," म्हणायचे. दुपारी फोन आला. घाटात पाऊस फार आहे, गाड्या अडकल्यात, सोमवारी मुलाची शाळा आहे, बाबा, नाही जमत. हे म्हणाले, "नको रे बाबा, अशा पावसात लेकरू घेऊन निघू नको." आवाज अगदी साधा ठेवला.

मला मात्र राहवलं नाही. म्हटलं, "काहो, एक डाव सांगा न त्याले रागावून, की चार दिवस शाळा बुडव अन् ये. तुमी म्हणाल तं येईल तो."

"नाही."

"काहून नाही? पहिलीतली शाळा, बुडली तं काय आभाळ फाटते?"

"मी चारूची शाळा कधी बुडवली का, कुंदा? लग्नाकार्यालेही नाही बुडवली. म्हणून तं तो इथवर पोचला. आता मीच त्याले कोणत्या तोंडानं सांगू?"

"मंग आपणच पुण्याले जाऊ. इथून जवळ आहे."

"पाव्हणा म्हणून नाही जायचं मले," हे म्हणाले. "मले त्यायले माह्या घरी बोलवायचं होतं."

सांबारवड्या आम्ही तिथल्या वाढप्यांना दिल्या. त्यांनी आवडीनं खाल्ल्या आणि हे कशाचं करतात, म्हणून विचारलं. मी सांगितलं, कोथिंबिरीचं.

पुढच्या वर्षी आम्ही गेलोच नाही. जूनचा तिसरा आठवडा आला तेव्हा यवतमाळ तापून निघालं होतं. हे ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ओसरीत बसायचे आणि मधूनच म्हणायचे, "आज तिकडं पांघरूण लागलं असतं." ओळखीचा कोणी भेटला की सांगायचे, "यंदा पोरायचं जमलं नाही, पुढच्या खेपेले पक्कं आहे." मुलांनी तसं काही म्हटलं नव्हतं. मुलं वाईट नव्हती हो. आठवड्याला फोन करायची, औषधं घेता का विचारायची. बोलता बोलता एकदा चारू म्हणाला, "बाबा, ती मेंबरशिप विकून टाकता येते का बघा." त्या दिवशी हे फोनवर मोठ्यानं हसले, आणि मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी चहा पिऊन यांनी कप खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि गेले. मला हाक मारायलाही सवड मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घर भरलं. चारू, सूनबाई आणि मुलगा रात्रभर गाडी चालवून आले. ऋचा, जावई आणि मुलगी रेल्वेनं धामणगावला उतरून आले. किसनराव आलेच होते. शेजारच्यांनी गाद्या दिल्या. मोठी माणसं नको नको म्हणत असतानाही कित्येक वर्षांनी घरात लेकरांची पळापळ सुरू झाली, आणि पहिले दोन दिवस मला त्यातलं काही ऐकूच आलं नाही.

पाचव्या दिवशी मी मागच्या अंगणात तुळशीपाशी बसले होते. चारू विहिरीकडे पाठ करून मोबाईलवर बोलत होता. "हो, मॅडम. त्याचे आजोबा गेले. नाही, लगेच नाही येता येणार, तेरावं करूनच निघू. चाचणी नंतर घेतली तर चालेल ना? थँक यू, मॅडम. हो, अभ्यास करून घेतो आम्ही." एवढंच. बाई बिचाऱ्या भल्या असाव्यात, त्यांनी पटकन हो म्हटलं.

मी म्हटलं, "चारू, झालं? इतकंच असते का?"

"काय, आई?"

"शाळेले फोन करणं."

मग त्याला समजलं आणि तो विहिरीच्या कठड्यावर बसला. रडला बराच वेळ. म्हणाला, "आई, बाबांनी एकदा जरी म्हटलं असतं ना... त्यांनी कधी म्हटलंच नाही गं."

"नाही म्हटलं. ते म्हणणारे नव्हते. तुले समजाले पाह्यजे होतं."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. आई असून फिरवला नाही. त्या क्षणी मला माझ्या पोराचा राग आला होता आणि खोटं कशाला बोलू, तो अजून पुरता गेलेला नाही.

घरात ऋचा मुलांना भरवत होती, जावई गाद्या उन्हात टाकत होता, सूनबाई माझ्या स्वयंपाकघरात पीठ मळत होती. सगळी होती. तेरा दिवस सगळी माझ्या घरात, एका छताखाली राहिली. यांनी सातच मागितले होते.