काठवटीत एकच फूल

मी काठवट बोलतेय, पासली गावच्या कोंडाबाईंच्या चुलीपाशी बसणारी. पिठाशिवाय कशाशी घेणंदेणं नाही, म्हणून तर आज सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलाय.

कोंडाबाईंच्या लग्नात मला फणसाच्या लाकडातून कोरलं. तेव्हापासून नाचणीचं पीठ, गरम पाणी आणि त्यांचे तळवे, एवढंच माझं जग.

आज त्यांची सून स्वप्नाली मला ओसरीवर घेऊन आली. तिथंच मला शंका आली. ओसरीवर कोणी भाकऱ्या थापत नाही! तिने माझ्यात एक फळी ठेवली, खिळे आरपार ठोकलेली, टोकं वर. मग पाणी ओतलं. मोबाईलमध्ये बघत बघत कारवीची वाकडी काटकी खिळ्यांत रोवली आणि एक लाल कर्दळ. परसात इतक्या कर्दळी फुललेल्या असताना एकच! मला काही लक्षण ठीक दिसेना.

तेवढ्यात कोंडाबाई शेतावरून आल्या आणि खिळे बघून थबकल्या.

"कुनावर करनी करतीस गं? माज्या गोरखवर?"

"न्हाई वं आत्या! नवऱ्यावर कशाला करीन? जपानात अशी फुलं मांडत्यात. विंझरच्या रिसॉर्टवाल्या बाईंनी उद्या नमुना आनायला सांगितलाय. आवडला तर कामाला घेनार हाईत. पयल्यांदाच करतीया."

"मग खिळे कशापायी?"

"काटकी उभी ऱ्हावी म्हनून."

कोंडाबाईंना पटलं नाही. खरं सांगते, मलाही नाही. त्यांनी फूल उपटलं, फळी उलटी केली, खाली लिंबू आहे का, केस आहेत का, सगळं चाचपलं. काहीच निघालं नाही.

स्वप्नालीचे डोळे भरून आले. ती पुन्हा मांडायला बसली. काटकी दोनदा कलंडली. कोंडाबाई खांबाला टेकून बघत होत्या.

"येवडी जागा मोकळीच सोडायची?"

"व्हय. तशीच असती ती."

कोंडाबाई तरातरा आत गेल्या. आता कोयताच आणतात, असं वाटून मी धास्तावले. पण त्या काजळाची डबी घेऊन बाहेर आल्या. माझ्या काठावर काळा ठिपका लावला आणि पुटपुटल्या, "लोकांची नजर लई वंगाळ असती."

उद्या मी एसटीने विंझरला निघालेय. त्या पाण्याची आणि खिळ्यांची भीती अजून गेलेली नाही. पण रिसॉर्टवाल्या बाई, एक विनंती आहे. फुलं तुम्हाला आवडोत न आवडोत, तो ठिपका तेवढा पुसू नका. आमच्या घरात सुनेला शाबासकी देण्याची दुसरी रीत नाही.