सगळंच छान झालंय

हिंग नाही.
कढीपत्ता नाही.
तूर डाळ नाही.
माणसं चांगली आहेत.

काग्वासला पोचल्यावर मी मैत्रीला पाठवलेला हा पहिला मेसेज. मैत्री पार्सिपनीची, म्हणजे मी आधी राहायचे तिथली, माझी मैत्रीण. तिथे आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावरच देशी दुकान होतं, त्यामुळे परदेशात राहून काय काय मिळत नाही हे मला कधी कळलंच नव्हतं. मग औषध कंपनीने मला दोन वर्षांसाठी पोर्तो रिकोतल्या काग्वासच्या प्लांटवर पाठवलं. देश तोच, डॉलर तोच. फक्त चहूबाजूंनी समुद्र, आणि दुकानातल्या पाट्यांपासून डॉक्टरपर्यंत सगळं स्पॅनिशमध्ये.

मैत्रीचं उत्तर आलं: "यार, मग माणसं खाणार आहेस का? पत्ता पाठव, पार्सल करते."

*

आई. सरला मेश्राम, निवृत्त स्टाफ नर्स, राहणार इंदोरा, नागपूर. बाबा गेल्यापासून एकटी. नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली. मला ती कायमची हवी होती. तसं तोंडाने सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी बॅग भरली असती, म्हणून मी ते स्वयंपाकातून सांगायचं ठरवलं. जेवण घरच्यासारखं झालं की माणूस रमतो, असा माझा हिशेब.

हिशेब कच्चा होता. माझ्या हातचं आईला कधीच आवडलेलं नाही. एका बुद्धपौर्णिमेला मी विहारात खीर करून नेली, तर सगळ्या बायांसमोर म्हणाली, "नाव सुजाता ठेवलं आणि खीर अशी? बुद्ध उपाशीच उठले असते."

*

पहिलं जेवण. वरण. कढीपत्ता संपलेला. त्याऐवजी रेकाओ टाकला. लांब, काटेरी कडांचं इथलं पान, वासाला कोथिंबिरीची रागीट मावशी. आईने वरण भातावर घेतलं, भुरकलं.

"छान झालंय."

दुसरं. कढी. दही आंबट नव्हतं म्हणून लिंबू पिळलं. कढी फाटली.

"छान झालंय."

तिसरं. भरीत. शेंगदाण्याचं तेल मिळालं नाही, ऑलिव्ह तेल वापरलं. वाढताना मी तिच्याकडे बघितलंच नाही.

"छान झालंय गं, सुजा. सगळंच छान करून राहिली तू इथे."

मी फ्रिजचं दार उघडलं आणि काहीतरी शोधत असल्यासारखी आत तोंड घालून रडले. चाळिशीतली बाई. त्याच आठवड्यात वकिलाला मेल टाकली: आईच्या व्हिसाची मुदत वाढवता येईल का?

*

आई रमत होती, हे खोटं नाही.

शनिवारी बाजारात तिने बटाटा मागितला, आपल्याच शब्दात, ठासून. विकणाऱ्या बाईने हसून रताळी पिशवीत भरली. इथे रताळ्यालाच 'बताता' म्हणतात. "असू दे," आई म्हणाली, "आपल्यात उपास नाहीत, म्हणून काय रताळ्यांवर राग आहे का?"

आणि कुंपण. शेजारीण डोन्या मिग्दालिया, म्हणजे मिग्दालियाबाई, आईच्याच वयाची, सदा रेडिओ लावलेला. तिचं एक झुडूप आमच्या बाजूला वाकलेलं होतं, माणसाहून उंच, पिवळ्या फुलांचं. त्याच्या फांद्या माझ्या गाडीवर यायच्या. त्या बाजूला सारून मी वर्षभर गाडीचं दार उघडलं आणि पोस्टात जाऊन मैत्रीने पाठवलेली तूर डाळ आणली.

जानेवारीतल्या एका सकाळी आईने त्याची शेंग तोडली, अंगठ्याने उकलली आणि हिरवे दाणे माझ्यासमोर धरले.

"ही तूर आहे."

"नाही गं."

"नाही गं काय? हे सोले आहेत. डाळ पाकिटात उगवते समजत होती का तू?"

मिग्दालिया बाहेर आली. "गांदूलेस!" ती म्हणाली. आई म्हणाली, "तूर." दोघींनी एकमेकींचे शब्द एकेकदा म्हणून बघितले आणि सोडून दिले. त्यानंतर रोज कुंपणावरून शेंगांची पिशवी येऊ लागली. आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून शेंगा सोलायची. नागपुरात हिवाळ्यात बसते तशीच.

मला वाटलं, झालं. आता ती जात नाही.

*

करपल्याचा वास गाडीचं दार उघडतानाच आला. त्या दिवशी मी प्लांटवरून लवकर निघाले होते. कुंपणापलीकडून मिग्दालिया हात हलवत ओरडत होती, "से केमा! से केमा!" जळतंय, जळतंय.

मी आत धावले.

आई टेबलाशी शेंगा सोलत होती. पाठ शेगडीकडे. हात लांब केला तर शेगडीला लागेल एवढं अंतर. झाकणाखालून काळपट धूर निघत होता. मला बघून ती हसली.

"आलीस? डाळ होतच आली."

मी शेगडी बंद केली. खिडकी उघडली.

"आई, वास नाही आला?"

ती वळली. पातेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. उत्तराची जुळवाजुळव करणारा तिचा चेहरा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

"त्या तापापासून," ती शेवटी म्हणाली. "कोविडच्या. बाकीच्यांचा परत आला. माझा नाही आला."

*

तीच जेवणं, पुन्हा, आईच्या जिभेने.

वरण: गरम. मीठ कळलं असेल. रेकाओ म्हणजे दाताखाली एक पान.
कढी: आंबट. एवढंच.
भरीत: मऊ.
हिंग, मैत्रीने दोन डब्यांत बंद करून पाठवलेला, ज्याचा वास येऊन पोस्टमनने मला विचारलं होतं की आत काही मेलंय का: पिवळी पूड.
छान झालंय: दुसरं काय म्हणणार? नावं ठेवायची तर आधी चव कळावी लागते.

*

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"परत जाऊ दिलं नसतं."

"मग?"

"मग काय मग? एकटी राहतेस तू. घरात सिलिंडर आहे. नळी गळली तर तुला कळणार कसं?"

"इतकी वर्षं राहिलीच ना."

"नशीब तुझं."

"नशीब म्हणू नको माझ्या घरात."

"हे माझं घर आहे, आई."

"मग तुझ्याही घरात म्हणू नको."

मी तिला अर्जाचं सांगून टाकलं. वकील, मुदतवाढ, पुढे ग्रीन कार्ड. तिने ऐकून घेतलं. मग शेंगांची सालं गोळा करून कचऱ्यात टाकली आणि खोलीत जाऊन दार लावलं. आमच्या घरात कुणी कधी दार लावत नाही.

*

सोल्यांची भाजी. कोवळे सोले धुवावेत. अर्धे जाडसर ठेचावेत, अर्धे अख्खे ठेवावेत. लसूण, हिरवी मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, नागपुरात आम्ही तिला सांबार म्हणतो, एकत्र वाटावं. कढईत तेल तापवावं. तेलात

तेल तापलं नव्हतं. मी शेगडी पेटवलीच नव्हती.

रविवारची सकाळ होती. आई टेबलाशी, मी ओट्याशी. बोलणं परत सुरू झालं होतं, पण जाण्या-राहण्याचं कुणीच काढत नव्हतं. खिडक्या सगळ्या उघड्या. लायटर मी आधीच अंगणात ठेवून आले होते. इथेही गॅस टाकीतूनच येतो. मी बटण फिरवलं आणि तशीच उभी राहिले.

मिग्दालियाच्या रेडिओत गॅसचा आवाज बुडून गेला. वास मात्र लगेच आला. आधी नाकात, मग घशात.

आई सोलत होती. बोलत होती. "मिग्दालियाच्या गुडघ्याला सूज आहे. खुणेनं सांगितलं, पाय उशीवर ठेव. तर तिला वाटलं, मी उशी मागून राहिली. घेऊन आली बिचारी उशी. बघ तिकडे सोफ्यावर आहे."

मी बटण बंद केलं. त्याचा टक् आवाज तिने ऐकला.

"काय केलंस?"

"गॅस सोडला होता."

तिच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"किती वेळ?"

"तुझी उशीची गोष्ट संपेपर्यंत."

ती उठली. आधी मागचं दार उघडलं. मग ओट्याशी येऊन एकेक बटण हाताने चाचपलं, वॉर्डातल्या ऑक्सिजनची चाचपावीत तशी. मग माझ्याकडे वळली.

"राग आला?" मी विचारलं.

"थांब. येऊन राहिला."

आम्ही दोघी वाट बघत उभ्या राहिलो. वारा आत येत होता. मला वाटलं होतं, हे एकदा दाखवून दिलं की वाद संपेल. संपला होताच. मी बरोबर होते. पण माझी आई, जिने चौतीस खाटांचा वॉर्ड सांभाळला, ती माझ्या स्वयंपाकघरात हाताची घडी घालून उभी होती, परीक्षेत पडलेल्या मुलीसारखी, आणि तिला तिथे उभं मी केलं होतं.

"तू बरोबर आहेस," ती म्हणाली. "गॅस नको."

"म्हणजे राहशील?"

"गॅस नको म्हटलं. माझं घर नको नाही म्हटलं."

"आई..."

"ऐक. इथे तू रोज काहीतरी शोधून आणतेस. हे नाही तर ते, ते नाही तर आणखी काही. माझ्यासाठीच करतेस. पण मला त्यातलं काही कळत नाही, सुजा. तिथे माझा हात ओळखतो. मिठाचा डबा कुठे, तिखटाचा चमचा केवढा, फोडणीत मोहरी किती वेळ वाजते. नाक नसलं तरी वरण माझंच व्हायचं. शेजारचे मागून न्यायचे. कुणाला पत्ता लागला नाही. इथे मी जेवते. तिथे मी करते."

"आणि शेगडी?"

"ती विजेची असते ना, काचेची. ती घेईन. सिलिंडर परत करीन."

"त्यावर भाकरी नाही होत."

"माहीत आहे."

"वांगंही भाजता येत नाही."

"माहीत आहे म्हटलं ना." ती परत खुर्चीत बसली. "भाकरी शेजारची सून देईल. तिच्या सासूचं बीपी मीच बघते. इंदोऱ्यात भाकरी मागायला मला लाज नाही. इथे मी कुणाला मागू? उशी घेऊन येतात लोक."

मी हसले. मला हसायचं नव्हतं.

"रोज व्हिडिओ कॉल," मी म्हणाले.

"आठवड्यातून."

"रोज."

"बरं, रोज. पण तू बोल. मी कामं करीन."

*

लायटर अंगणातून आणला. भाजी तिने केली, सगळी. मी फक्त शेजारी उभी. मोहरी तिने कानाने ऐकली, लसूण डोळ्याने बघितला, ठेचलेले सोले झाऱ्याने दाबून शिजले का ते पाहिलं. मध्येच म्हणाली, "कसा वास येतोय, सांग."

मी तोंड उघडलं. हिरवा, म्हणाले. मग, पावसाळी गवतासारखा, पण तळलेला. मग, तुझ्या जुन्या डब्यासारखा, ड्यूटीवरून आल्यावर तू तो उघडायचीस तेव्हाचा. धड काहीच सांगता येईना.

"करपल्याचा नाही ना?"

"नाही."

"मग झालं."

एक वाटी मिग्दालियाकडे गेली, उशीसकट.

जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. वकिलाला कळवलं की अर्ज करायचा नाही. मग नागपुरात घरपोच मिळणाऱ्या शेगड्या शोधल्या. आई चष्मा लावून शेजारी बसली. एक तिला फार मोठी वाटली, एक फार चकाचक. तिसरी चालेल म्हणाली. मी पत्त्याच्या चौकटीवर आले.

"सांग," मी म्हणाले.

"तुला पाठ नाही?"

"आहे. तू सांग."

तिने पदराने चष्मा पुसला, परत लावला.

"लिही. सरला मेश्राम. घरावर नंबर आहे, पण तो कुणी बघत नाही. विहाराच्या मागची गल्ली. निळं फाटक. आणि खाली लिही, बेल बिघडली आहे, हाक मारा."