फक्त ॲडमिन लिहू शकतात

विजयश्री गेली हे पुनावळ्यात कळलं, त्या सकाळी सातवी ब च्या पालकांची मोठी पंचाईत झाली. हळहळ व्यक्त करायला जागाच नव्हती. एरवी कुणाचे गावाकडचे चुलत सासरे गेले तरी पालकांच्या ग्रुपवर दुपारपर्यंत 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागायची. पण त्या ग्रुपची एकटी ॲडमिन विजयश्रीच होती, आणि तिने आदल्या संध्याकाळीच ग्रुपला कुलूप घातलं होतं. ॲडमिनने लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं.

कारणही तसंच होतं. मुलांच्या स्मार्ट घड्याळांवरून दोन बापांची जुंपली होती, आणि ती ऐन रंगात असताना तिसऱ्याने मध्येच गुड मॉर्निंगचं फूल टाकलं. तेही संध्याकाळी. तेव्हा विजयश्रीने लिहिलं, "उद्या गणिताची चाचणी आहे. मुलांना स्मार्ट घड्याळ घालून पाठवू नका. पाठवलंत तर मी स्वतः गेटवर उभी राहून काढून घेईन. आता गप बसा आणि झोपा." आणि कुलूप.

सकाळी मुलीचा, मिनलचा, डबा भरताना ती ओट्याशी कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिचा नवरा ज्ञानदेव तेव्हा चाकणला कंपनीच्या गेटवर उभा होता. आत जाणाऱ्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यावर तिथे स्टिकर लावतात. त्याच्या फोनला स्टिकर लागत असतानाच शेजाऱ्यांचा कॉल आला. तो हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

इकडे ग्रुपवर कुणाच्या तरी लक्षात आलं की लिहिता येत नसलं तरी आलेल्या मेसेजवर इमोजी टाकता येतो. झालं. घड्याळाच्या त्या मेसेजखाली जोडलेले हात आले, रडके चेहरे आले. एकाला काहीच माहीत नव्हतं, त्याने नियम पटला म्हणून अंगठा दाखवला. एकाचं बोट चुकून हसऱ्या चेहऱ्यावर पडलं. त्याने तो घाईघाईने काढला, पण तोवर निम्म्या लोकांनी पाहिला होता.

हे सगळं धनेशने ज्ञानदेवला स्मशानातच दाखवलं. धनेश मूळचा पुनावळ्याचा. ज्ञानदेव राहतो ती सोसायटी त्याच्या आजोबांच्या वावरात उभी आहे, आणि त्याचा मुलगा मिनलच्याच वर्गात आहे.

"माऊली, बघ की," तो कानाशी म्हणाला, "वहिनींनी जाता जाता बी समद्यांची तोंडं बंद केली."

ज्ञानदेवला हसू फुटलं. लोकांना वाटलं त्याला रडू आवरेना. दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं.

सातवी ब चा ग्रुप तेव्हापासून बंद आहे. पालकांनी दुसरे ग्रुप काढून पाहिले. एक 'सातवी ब नवीन', त्यावर भांडण झालं म्हणून 'सातवी ब खरा ग्रुप', आणि त्यातून फुटून 'सातवी ब ओन्ली पॉझिटिव्ह'. शाळा मात्र एक वर्ग, एक ग्रुप या धोरणाची. मुख्याध्यापिका इंद्रायणी मॅडम जुन्या ग्रुपवर होत्या, त्यामुळे जुनाच अधिकृत. अधिकृत ग्रुपवर मुंगीसुद्धा बोलत नव्हती.

सगळे ज्ञानदेवच्या मागे लागले. त्याने सरळ थाप मारली, की फोनचा पासवर्ड तिलाच माहीत होता. मेलेल्या माणसाच्या पासवर्डपुढे कुणाचं चालत नाही. पासवर्ड होता मिनलची जन्मतारीख. सोसायटीतल्या कुठल्याही आईच्या फोनचा असतो तोच.

धनेशला ते पटलं नव्हतं. लिफ्टमध्ये तो एकदा म्हणाला, "पासवर्ड राहू दे राव. वहिनींचा नंबर ग्रुपातनं बाहेर काढ, दुसरं कुणीतरी आपोआप ॲडमिन हुतंय. मी चौकशी केलीया."

"ती कुठं बाहेर जायची नाही."

"आरं, मग मला तरी ॲडमिन कर. पोरांच्या सहलीचा घोळ झालाय, गणवेशाचा घोळ झालाय. किती दिवस असंच गप बसायचं?"

"मस्त शांतता आहे की," ज्ञानदेव म्हणाला.

खरी गोष्ट त्याला धनेशला सांगता आली नसती. ग्रुप उघडला की तिच्या मेसेजखाली गणवेशाचा घोळ येणार होता. मग सहलीचा, मग फूल. 'आता गप बसा आणि झोपा' वर वर सरकत दिसेनासं होणार होतं. ते सध्या सगळ्यात खाली होतं. फोन उघडला की समोरच. एवढंच त्याला राखायचं होतं. त्यासाठी तो कामावर जाण्याआधी तिचा फोन आठवणीने चार्जिंगला लावायचा आणि रिचार्ज संपू द्यायचा नाही.

फोन आपण एकटेच हाताळतो असं त्याला वाटत होतं.

दिवाळीनंतर मिनलच्या वर्गाला नव्या वर्गशिक्षिका आल्या, स्वप्नाली मॅडम. पुढच्या पालक सभेला ज्ञानदेव ओव्हरटाइममुळे जाऊ शकला नाही. सोमवारी शाळेतून त्याला बोलावणं आलं.

इंद्रायणी मॅडमच्या टेबलावर छापील कागद होता : 'विद्यार्थ्यांसाठी तंत्रज्ञानाच्या जबाबदार वापराची नियमावली'. बाजूच्या खुर्चीत मिनल मान खाली घालून बसली होती. दाराशी स्वप्नाली मॅडम उभ्या होत्या, डोळे लाल.

"बसा," इंद्रायणी मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मुलीने नियम चौथा मोडलाय. दुसऱ्याच्या फोनवरून, दुसऱ्याच्या नावाने संदेश पाठवू नये."

स्वप्नाली मॅडमनी आपला फोन त्याच्यापुढे धरला. वर विजयश्रीचा फोटो, निळ्या साडीतला. पहिला मेसेज, 'मिनलला ताप आहे, आज येणार नाही.' त्यावर उत्तर, 'काळजी घ्या ताई. तुम्ही कशा आहात?' ताप खरा होता, ज्ञानदेवला आठवत होतं. त्याला पहाटे शिफ्टला जावं लागलं होतं. पण पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. 'मी बरी आहे. मिनल गणितात लक्ष देते का?' 'तिला पुढच्या बाकावर बसवा.' 'फार बडबड करते ती, गप बसायला सांगत जा.' मधूनमधून मॅडमची उत्तरं, 'हो ताई', 'नक्की ताई', 'जेवलात का ताई?'. शेवटी मॅडमचाच मेसेज होता, 'ताई, शनिवारी सभेला नक्की या, भेटू.' त्याला उत्तर नव्हतं.

"मला खरंच माहीत नव्हतं हो," स्वप्नाली मॅडम म्हणाल्या. "मी सभेत सगळ्यांसमोर विचारलं, विजयश्रीताई आल्या नाहीत का म्हणून."

ज्ञानदेव वाचत राहिला. लिहिणं हुबेहूब तिचं होतं. आईला गेल्यावरही मिनलची तक्रार करायची सोय झाली होती, आणि ती सोय मिनलनेच केली होती.

"का केलंस गं?" त्याने विचारलं.

"मॅडम रोज विचारायच्या, ताई कशा आहात," मिनल म्हणाली. "दुसरं कुणीच विचारत नाही तिला."

इंद्रायणी मॅडमनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला. त्या वाईट बाई नव्हत्या, पण नियमावली त्यांनी नुकतीच छापून आणली होती. "आठवडाभर संगणक लॅब बंद. इथे पालकांनी सही करायची." ज्ञानदेवने सही केली. "आता दुसरं एक काम आहे. ही नियमावली सगळ्या पालकांपर्यंत पोचली पाहिजे. अधिकृत ग्रुप तुमच्याकडे आहे. फोन चालू आहे हे आता कळलंच. आजच टाका."

"मॅडम, तो ग्रुप तिच्या नावाने चालतो. मी टाकलं तरी तिनेच टाकलं असं दिसणार."

"दिसू द्या. त्याला काय होतंय?"

मिनलने मान वर केली. "मॅडम, मग पप्पांची पण लॅब बंद?"

"बाळा, ते शाळेचं काम आहे."

"माझंपण शाळेचंच होतं."

इंद्रायणी मॅडमनी नियमावलीत पाहिलं. तिथे पालकांसाठी काही छापलेलं नव्हतं. "टाका तुम्ही," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि पीडीएफ त्यांनी लगेच विजयश्रीच्या नंबरवर पाठवून दिली.

संध्याकाळी ज्ञानदेव तिचा फोन घेऊन बसला. फाइल जोडली. पाठवायच्या बाणावर अंगठा नेला. मिनल शेजारी बसून बघत होती.

"टाकणार?"

"शाळा म्हणते टाका."

"मम्मीने चार नंबरचा नियम वाचला असता तर तिने सगळ्यांना झापलं असतं," मिनल म्हणाली. "आधी मला, मग तुम्हाला, मग मॅडमना."

ज्ञानदेवने फाइल काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती. झेरॉक्सच्या दुकानातून त्याने नियमावलीच्या प्रती काढून आणल्या आणि शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभा राहिला. तंत्रज्ञानाच्या वापराचे नियम हातोहात कागदावर वाटणारा बाप शाळेने पहिल्यांदाच पाहिला. "पीडीएफ नाही का भाऊ?" दोघातिघांनी विचारलं. एका बाईने शाळेची मदतपेटी समजून पर्स उघडली. धनेश स्कूटरवरून उतरला, कागद उलटासुलटा करून म्हणाला, "माऊली, एका बटनाचं काम व्हतं."

"तेच तर."

धनेशने स्कूटर स्टँडला लावली. मग म्हणाला, "आण हिकडं निम्मे. त्या दुसऱ्या गेटावर मी हुबा ऱ्हातो."

काळोख पडायच्या आत सगळ्या पालकांनी त्या कागदाचे फोटो काढून तिन्ही ग्रुपवर टाकले. ओन्ली पॉझिटिव्हवर नियम चौथ्याच्या खाली कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल ठेवलं. इंद्रायणी मॅडमनी अधिकृत ग्रुप उघडूनही न बघता ज्ञानदेवला फोन करून आभार मानले : नियमावली सगळ्यांपर्यंत पोचली, ग्रुपचा हा फायदा असतो.

विजयश्रीचा फोन ओट्याजवळच्या सॉकेटला लावलेला असतो. पासवर्ड ज्ञानदेवने बदललेला नाही. मिनलने मात्र त्या फोनवरून लिहिणं सोडलं आहे. अधिकृत ग्रुप अजून बंद आहे. धनेशला ॲडमिन करायचं राहिलं आहे. स्वप्नाली मॅडमचा 'नक्की या, भेटू' हा मेसेज तसाच पडून आहे. त्याला उत्तर मी देतो, असं ज्ञानदेवने मिनलला सांगितलं आहे. अजून दिलेलं नाही.