वाढायची पाळी

जगननं ताटावर हात आडवा धरला, तसा पोळ्यांची टोपली घेऊन आलेला माऊली थांबला.

"घेतोस?"

"नको."

माऊली पुढच्या ताटाकडं सरकला. जगनचा हात तसाच ताटावर राहिला. मग त्यानं तो हळूच काढून घेतला, मान वर करून एकदा माऊलीच्या पाठीकडं पाहिलं आणि वाटीला लागलेलं वरण बोटानं निपटून खाल्लं. दोन पोळ्यांवर त्याचं रात्रीचं जेवण संपलं होतं. पोटात अजून पाच-सहा पोळ्यांची जागा होती.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, वाशिम रस्त्याला लागून असलेल्या या लहानशा कॉलेजच्या वसतिगृहात वीसेक पोरं राहत. मेस म्हणजे पत्र्याखालची एक लांब खोली आणि तिच्यात समोरासमोर अंथरलेल्या दोन सतरंज्या. जगन राठोड सेनगावकडच्या एका तांड्यावरून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आला होता. दीड महिना झाला होता, आणि या दीड महिन्यात तो एकदाही पोटभर जेवला नव्हता.

यात मेसचा दोष नव्हता. पोळ्या उरत, उरलेल्या सकाळी शेजारच्या गोठ्यातल्या गाईला जात, आणि त्या गाईचा जगनला मनापासून हेवा वाटे. दोष असलाच तर त्याच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, शिकवणीचा होता. तांड्यावर कुणी वाढायला आलं की आधी ताटावर हात धरायचा असतो. वाढणारी तो हात बाजूला सारते. मग 'नको, नको' म्हणायचं, तिनं 'माझ्यासाठी एक' म्हणायचं, मग आपण 'बरं, अर्धी द्या' म्हणायचं, आणि ताटात अख्खी पडते. पहिल्या हाकेला ताट पुढं करणारा हावरट आणि पहिल्या नकाराला पुढं सरकणारा कंजूष, हे साऱ्या जगाला ठाऊक असणार असं जगन धरून चालला होता. इथं मात्र नको म्हटलं की लोक खरंच नको समजत.

बाकीची पोरं सरळ ओरडत, "इकडं दोन टाक बे!" जगनची जीभ काही त्याला धजावत नव्हती. अन्न मागायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं वाटे. पहिले काही दिवस त्याला वाटलं, वाढणारे घाईत असतील. मग वाटलं, आपण तांड्यावरचे म्हणून आपल्याला कुणी आग्रह करत नसेल. भुकेपेक्षा हा विचार जास्त लागला. तो खरा नव्हता, पण उपाशी पोटी माणसाला भलतंच सुचतं. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला, तर सगळ्यांना पेशी दिसल्या आणि जगनला भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा दिसला.

शेवटी त्यानं घरी फोन करून सांगितलं की इथलं पाणी मानवत नाही. फोन त्याच्या वडिलांनी, मोहनसिंगांनी, घेतला. त्यांच्या घरातून कॉलेजात गेलेला हा पहिलाच. नाक्यापासून वसतिगृहापर्यंत त्याची गादी त्यांनी डोक्यावरून आणली होती, ती पोराला हात लावू न देता. ते एवढंच म्हणाले, ये मग, सोयाबीन काढायला हात लागतीलच. त्यांनी एखादी शिवी दिली असती तर जगनला बरं वाटलं असतं. रविवारी पहिल्या गाडीनं निघायचं ठरलं. पिशवी भरून खाटेखाली ठेवून झाली.

इकडं मेस चालवणाऱ्या सखुबाईंचंही मन थाऱ्यावर नव्हतं. जूनमध्ये त्यांनी मेस घेतली तेव्हा ताटांत अन्न टाकून उठायची पोरांना खोड होती. पहिल्याच दिवशी त्यांनी वाढणाऱ्यांना दम भरला होता, "नको म्हणलं की पुढं सरकायचं. कुणाच्या ताटात बळंच टाकायचं न्हाई." अन्न वाया जायचं थांबलं. पण हा नवा पोरगा दोन पोळ्यांवर हात धुतो हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. एक दिवस त्यांनी वरणात गुळाचा खडा टाकून पाहिला, एक दिवस भाजीत तिखट कमी करून पाहिलं. पोरगा दोनच पोळ्यांवर उठला.

"त्या लेकराला माझ्या हातचं गोड लागत न्हाई," त्या रेक्टर किशनराव सरांना म्हणाल्या.

"एकेकाचा आहार असतो, बाई," सर म्हणाले. सरांचा स्वतःचा आहार दणकट होता.

शनिवारी रात्री वाढायची पाळी जगनवर आली. पाळ्या आडनावाच्या क्रमानं, तीन-तीन दिवसांच्या लागत, त्यामुळं राठोडला नंबर यायला इतके दिवस गेले होते. उद्या जायचंच तर आज टाळता आलं असतं, पण जाता जाता पाळी चुकवली असं कुणी म्हणायला नको होतं. त्यानं हातपाय धुतले, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि टोपली उचलली. वाढणारा सगळ्यांत शेवटी जेवतो, हा मेसचा दुसरा नियम.

पहिल्या फेरीला काही झालं नाही. दुसऱ्या फेरीला रुद्रनं ताटावर हात धरला.

"नको."

जगन हलला नाही. त्यानं रुद्रचं मनगट धरून बाजूला केलं आणि पोळी ठेवली.

"अरे, नको म्हणलं ना!"

"एकच. वाळून चाललास पार. घरचे म्हणतील, पोराला उपाशी ठेवलं."

रुद्र हसला आणि पोळी मोडायला लागला. पुढच्यानं ताट पाठीमागं लपवलं, तर जगन वळसा घालून पाठीमागं गेला. कुणाला त्याच्या आईच्या नावानं एक, कुणाला परीक्षेच्या नावानं एक, माऊलीला तर "आजच्यापुरती" म्हणून दोन. पोरं आधी वैतागली, मग रंगात आली. समोरच्या ओळीतून "सरांना वाढ, सरांना!" असा ओरडा झाला.

"शुगर आहे रे मला," किशनराव सर म्हणाले.

"मग भाजी घ्या सर. भाजीला काय होतंय?" आणि भाजीसोबत पोळीही ताटात गेली. सरांनी ती खाल्ली.

जेवून उठलेला माऊली रिकामी टोपली घेऊन स्वयंपाकघरात आला.

"मावशी, पोळ्या सरल्या. ह्यो जगन कुणालाच सोडून राहिला न्हाई."

"काहून? लग्न लागलंय का तिथं?"

"जाऊन राहिला ना उद्या, पहिल्या गाडीनं. पिशवी भरून बसलाय. पाणी मानवत न्हाई म्हणतो."

सखुबाई हात पुसत दारात आल्या. जगन वरणाची बादली घेऊन एका पोरासमोर उभा होता. पोरगं नको म्हणत होतं आणि जगन पुढं सरकत नव्हता. दुसऱ्या नकाराची वाट पाहत होता, तिसऱ्या नकाराची वाट पाहत होता, तोंडावर हसू ठेवून अगदी निवांत. सखुबाईंना त्यांच्या माहेरची पंगत आठवली. तिथं त्यांची आई अशीच उभी राहायची. मग हाच पोरगा रोज रात्री ताटावर हात धरून मान वर करायचा ते आठवलं. नको म्हणलं की पुढं सरकायचा दम आपणच भरला होता.

त्या आत गेल्या आणि परातीत ज्वारीचं पीठ ओतलं.

पोरं पोटावर हात फिरवत निघून गेली. जगन भांडी आत घेऊन आला, तेव्हा तव्यावर भाकरी होती आणि चुलीजवळ पाट मांडलेला होता.

"ये, टेक."

"न्हाई मावशी, मला भूक न्हाई."

"टेक म्हणलं ना."

पहिली भाकरी ठेच्याबरोबर कधी संपली ते त्यालाही कळलं नाही. दुसरी आली तेव्हा त्यानं हात आडवा धरला. सखुबाई भाकरी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"खरंच नको, मावशी."

त्या हलल्या नाहीत.

"लवकर काढ, हात भाजून राहिला माझा."

जगननं हात काढला. नंतर किती भाकरी झाल्या ते त्यांनी मोजलं नाही. त्या थापत गेल्या आणि तो खात गेला. मधे एकदा ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ठेच्याचंच आहे असं दोघांनीही धरून चालायचं ठरवलं. दीड महिना सखुबाईंच्या मनाला लागलेली टोचणी गेली आणि त्यांना फार बरं वाटलं.

शेवटची भाकरी तव्यावरून काढून त्यांनी पिठाचा डबा उलटा करून ठोकला.

"पीठ सरलं बघ. सकाळी नाक्यावरनं ज्वारी दळून आणतोस का? उजाडताच जावं लागतंय, मग लाईट जाती."

जगनचा घास हातातच राहिला. उजाडताच गाडी होती.

"माऊली जाईल की."

"माऊलीला म्हणलं न्हाई मी."

"मला जमायचं न्हाई, मावशी. सकाळी मला..."

सखुबाई रिकामा डबा हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या, घाई नसलेल्या माणसासारख्या. बाहेर वाशिमकडं जाणारा एक ट्रक गेला. जगननं घास तोंडात घातला, सावकाश चावून खाल्ला आणि बोटं चाटली.

"बारीक दळायची का जाडी?" त्यानं विचारलं.