दांडीचा नळ

पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन वेंकोजीरावांना नऊ वर्षं झाली होती, पण कुठे थेंब टपकला की त्यांचे कान अजून टवकारायचे. त्यात गेलं वर्षभर त्यांच्या स्वतःच्याच घरात, चामराजपुरमला, स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. वायसर दोनदा बदलून झालं. शेवटी दोष नळाचा नाही, बायकोचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. मालतीबाई नळ नीट बंद करत नाहीत, बस्स.

"अगं, पिळून बंद कर ना जरा! हातात जोर नाही का?"

"होय हो," म्हणत मालतीबाई पदराला हात पुसायच्या.

घरी कोणी आलं की हा विषय निघायचाच. "आमच्याकडे दुसरी कावेरी आहे बरं का. उगम स्वयंपाकघरात!" वेंकोजीराव सांगायचे. पाहुणे हसायचे. कॉफीचे पेले ठेवता ठेवता मालतीबाईही हसायच्या. मग वेंकोजीराव आत जाऊन, दात-ओठ खात, नळ असा आवळून यायचे की थेंबाची काय बिशाद!

अखेर नवाच नळ बसवायचं ठरलं. देवराज मोहल्ल्यातल्या दुकानात ते निघाले तेव्हा कोणता घ्यायचा ते त्यांच्या मनात पक्कं होतं. पितळेचा, जड, वर भक्कम गोल चावी. मालतीबाई बरोबर आल्या त्या शेजारच्या गल्लीत शिंप्याकडे ब्लाउज टाकला होता म्हणून.

दुकान सहना नावाची तिशीतली बाई चालवायची. भिंतीवर एका फळीवर नळ ओळीने बसवले होते, गिऱ्हाइकाने फिरवून बघावेत म्हणून. वेंकोजीरावांनी आल्या आल्या आपला नळ हेरला आणि तो का चांगला, हे सहनालाच समजावायला लागले. तिने ऐकून घेतलं.

"सार, स्वयंपाकघरात कोण असतं? अम्माच ना? मग अम्मांनाही फिरवून बघू दे."

मालतीबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "ह्यांना पसंत आहे ना, तोच द्या."

"अगं, फिरव तरी," वेंकोजीराव म्हणाले. दुकानात आणखी दोघं गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्याकडे वळून ते म्हणाले, "आमची ही नळ बंदच करत नाही हो. म्हणून तर ही पाळी आली."

दोघंही हसले.

मालतीबाईंनी चावीवर हात ठेवला. बोटं चावीभोवती वळलीच नाहीत. त्यांनी दोन्ही तळवे दोन्ही बाजूंनी दाबून बघितले. चावी हलली नाही. मग त्यांनी पदराचं टोक चावीवर गुंडाळलं आणि पुन्हा हात घातला.

"जोर लाव, जोर!" वेंकोजीराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर त्या हातांवर गेली.

दुकानात लख्ख उजेड होता. मालतीबाईंच्या बोटांची पेरं सुजून गाठीसारखी झाली होती. उजव्या हाताची तर्जनी एका बाजूला कलली होती. लग्नातली अंगठी बोटात नव्हती. ती त्यांनी कधी काढली? वेंकोजीरावांना आठवेना. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

सहना गल्ल्यामागून बाहेर आली. "कै नोवा, अम्मा?" हात दुखतात का, असं तिने हळूच विचारलं.

"स्वल्प," मालतीबाई म्हणाल्या. "थोडंसंच. सकाळी जास्त असतं."

"मग घरचा नळ कसा उघडता?"

"हे घट्ट बंद करून ठेवतात, तेव्हा नाही उघडत. मग न्हाणीघरातून तांब्याने पाणी आणते. नाहीतर शेजारची पावनी कॉलेजला जाताना उघडून देते. एकदा उघडला की मग मी तो पुरता बंद करत नाही."

आवाजात तक्रार नव्हती. दूधवाला किती वाजता येतो हे सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. मघाशी हसलेल्यांपैकी एकजण उगीचच पाइपांचे तुकडे चाळायला लागला. वेंकोजीरावांचे कान तापले. रस्त्याला कान लावून जमिनीखालची गळती सांगणारा माणूस म्हणून खात्यात त्यांचं नाव होतं.

सहनाने दुसरा एक नळ दाखवला. त्याला गोल चावी नव्हती, लांबट दांडी होती. "ह्याला पकडायला नको, अम्मा. मनगटाने ढकललं तरी चालतं."

मालतीबाईंनी हाताच्या पाठीने दांडी ढकलली. ती अल्लाद वर गेली. त्यांनी ती खाली केली, पुन्हा वर केली. मग नवऱ्याकडे बघून विचारलं, "हा घेऊ या का?"

अजून त्याच विचारत होत्या. वेंकोजीरावांनी नुसती मान डोलावली.

परतताना रिक्षात वेंकोजीरावांनी नळाचं खोकं मांडीवर घेतलं. मग ते म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

मालतीबाई बाहेर बघत राहिल्या. "सांगितलं असतं तर तेही तुम्ही सगळ्यांना सांगितलं असतं. हसायला."

"चुकलं माझं," ते म्हणाले. पण नेमका तेव्हाच मागच्या बसने कर्कश भोंगा वाजवला. मालतीबाईंना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पुन्हा म्हणायचा वेंकोजीरावांना धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी नळ बसला. मालतीबाई मनगटाने दांडी ढकलून तांदूळ धूत होत्या आणि ते दारात उभे होते. त्या काहीतरी बोलतील म्हणून वाट बघत होते. "बरा आहे," एवढंच त्या म्हणाल्या आणि तांदूळ निथळत ठेवले.

संध्याकाळी ते त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी एकेक पेर दाबून बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "किती दिवसांपासून आहे हे?"

बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं, ही वेंकोजीरावांची जुनी सवय. "वर्षभर..." असं ते म्हणाले आणि थांबले. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"तीन वर्षं," मालतीबाई म्हणाल्या. "आधी डावा होता, मग उजवा."

डॉक्टरांनी मान वर करून वेंकोजीरावांकडे बघितलं. "तुम्ही बाहेरगावी असता का?"

"नाही," ते म्हणाले. "घरीच असतो."