झिजण्यासाठी घडवलेले कडे

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हळहळू नका. माझ्या अंगावर खड्डे आहेत, कडा कुरतडल्या आहेत आणि एका बाजूने तर मी पापडासारखा पातळ झालो आहे. मी मोटारबोटीच्या दांड्यावरचे जुने कडे आहे आणि या रूपाची मला मुळीच लाज वाटत नाही.

दूरच्या एका कारखान्यात मॅग्नेशियम वितळवून साच्यात ओतले आणि माझे दोन अर्धे भाग तयार झाले. रेल्वेने मी गोंदियाला आलो. जागेश्वर मिस्त्रींच्या दुकानात, भातगिरणीच्या पट्ट्यांशेजारी, बरेच दिवस धूळ खात पडलो. तिथून मला दुर्गेश्वरीने नेले.

सालेकशाकडच्या एका धरणावर तिचे सासरे उदारामजी यांची मोटारबोट आहे. ती माणसांना या काठावरून त्या काठावर पोचवते. उदारामजींची नजर अधू झाल्यापासून बोट दुर्गेश्वरीच चालवते. बोटीखाली इंजिनाने फिरणारा पोलादी दांडा आणि त्याच्या टोकाला पितळी पंखा. पाण्यात या दोघांची सोबत झाली, की पोलाद हळूहळू खाल्ले जाते. पण शेजारी मी असलो, तर पाणी दांड्याला सोडून आधी मला खाते. मिस्त्रींनी दांडा घासून लख्ख केला, मला त्याच्याभोवती बोल्टने आवळले आणि बजावले, "याले रंग नोको लावजो. अर्धा झिजला का बदलून टाकजो."

पहिल्या वर्षी मी मजेत झिजलो. दांडा आरशासारखा राहिला.

उन्हाळ्यात पाणी आटले आणि बोट काठावर ओढली. उदारामजींचा त्या बोटीवर फार जीव. ते बोटीला निळा रंग देत होते. त्यांचा हात माझ्यावरून फिरला आणि थबकला.

"काऊन वं बाई, हे असं सडून राहिलं?"

"मामाजी, ते सडतच असते. त्याले रंग नोको लावा."

"चाळीस वर्षं बोट सांभाळली म्या. रंगानं कोणती वस्तू बिघडते?"

ती विहिरीवर गेली तेवढ्यात त्यांनी माझ्यावर जाडजूड निळा थर चढवला. मायेनेच चढवला, पण माझा श्वास कोंडला. परत आल्यावर दुर्गेश्वरीने पाहिले. सासऱ्यांचे मन मोडायला नको म्हणून ती गप्प राहिली. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा थर बसला. मी सुंदर दिसत होतो! आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर पाणी माझ्या दांड्याचे लचके तोडत होते. मला ओरडता आले असते, तर मी सारे धरण जागे केले असते.

त्या वर्षी दिवाळीनंतर पलीकडच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, आली. सकाळपासून काठावर गर्दी. नवे कपडे, लहान पोरे, टोपल्या, रात्रीच्या नाटकाची चर्चा. दुर्गेश्वरीने इंजिन सुरू केले आणि लगेच बंद केले. तळाशी दांडा थरथरत होता. कालपेक्षा जास्त.

"उतरा सारे. बोट नाही जात," ती म्हणाली.

गलका उठला. उदारामजी काठी टेकत पुढे आले. "मंडईच्या दिशी बोट बंद? मले तोंड दाखवाले जागा ठेवशील का नाही?"

"दांडा तुटून बाहेर निसटला, त त्या भोकातून पाणी आत येईल मामाजी. मधात किती खोल हाय, तुमाले मालूम हाय."

"मी दुसऱ्याले चालवाले लावतो!"

तिने किल्ली कमरेला खोचली. "लावा. किल्ली मी देत नाही."

सासऱ्यांसमोर तिचा आवाज असा कधीच चढला नव्हता. बोलून झाल्यावर ती जागची हलली नाही. शेवटी चार जणांनी बोट काठावर ओढली. उदारामजी ओल्या चिखलात बसले आणि त्यांनी दांड्यावरून हाताची बोटे फिरवली. एका जागी नख आत गेले. मग दुसऱ्या जागी. मग ते माझ्यापाशी आले. रंगाखाली मी होतो तसाच जाड, धडधाकट. त्यांच्या ध्यानात सारे आले.

ते उठले आणि लोकांकडे वळले. "आज बोट जाणार नाही. शिव्या द्यायच्या असतील त मले द्या. हिले नोको."

कुरकुरत लोक ट्रॅक्टर-ट्रॉलीने लांबच्या रस्त्याने मंडईला गेले. मिस्त्रींनी नवा दांडा बसवला. उदारामजींनी माझ्यावरचा रंग स्वतः खरवडला. तासभर कोणाला हात लावू दिला नाही. मग मी पुन्हा पाण्यात उतरलो, उघडाबोडका, आणि काय सांगू, जिवात जीव आला!

आज मी अर्ध्याहून कमी उरलो आहे. आत्ताच दुर्गेश्वरीने माझे बोल्ट सोडवले. उदारामजी दांडा चाचपत आहेत. एकदाही नख अडकले नाही. माझ्या जागी नवे कडे बसते आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला जपू नका, सजवू नका. दरवर्षी बोट वर ओढा, मी किती उरलो ते पाहा आणि वेळेवर मला काढून टाका. माझ्या नव्या भावाला फक्त उघडे राहू द्या. पाण्याशी काय करायचे, ते त्याला ठाऊक आहे.